एवढ्यात गाडी खोलू नकोस

पत्र:
काका, नमस्कार. मी मूळची मिरजेची, सहा वर्षं झाली कॉव्हेंट्रीत आहे, आयटीत. शेजारच्या आजोबांची १९७३ ची एमजीबी जीटी (पक्क्या छताची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) होती, ते गेल्यावर आजींनी ती मला अगदी थोड्या पैशात दिली, म्हणाल्या तू येता-जाता थांबून बघायचीस म्हणून तुलाच. गाडी २०११ पासून गॅरेजात उभी आहे. लाल रंग, वरून बरी दिसते. बाबांचं मिरजेला टू-व्हीलरचं गॅरेज होतं त्यामुळे पाना हातात धरता येतो, पण चारचाकीला कधी हात लावलेला नाही. प्लॅन असा आहे की या समरमध्ये पूर्ण खोलायची, एकेक पार्ट साफ करायचा, रंगवायचा आणि परत जोडायची. रंग ब्रिटिश रेसिंग ग्रीन. वायर व्हील्स आणि लेदर सीट कव्हरं ऑर्डर करून झालीत. नवरा म्हणतो आधी कुणाला तरी विचार. सुरुवात कुठून करू?
– गॅरेजवाल्याची लेक, कॉव्हेंट्री

उत्तर:
अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आजींनी गाडी तुलाच का दिली ते वाचून फार बरं वाटलं आणि दुसऱ्यांदा "पूर्ण खोलायची" या शब्दांवर येऊन थांबलो आणि पोटात गोळा आला. म्हणून सगळ्यात आधी तेच सांगतो, खोलू नकोस. एवढ्यात तरी नाहीच.

कारण मी ते केलेलं आहे. १९९६ ला मी बर्मिंगहॅममध्ये नवीन होतो, तेव्हा १९७० ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे तीच गाडी पण उघड्या छताची, घेतली आणि दोन वीकेंडमध्ये तिचा नट न नट सुटा केला. खोलताना फार छान वाटतं, दर तासाला काहीतरी काम झाल्यासारखं वाटतं, हात काळे, डोकं शांत. मग उन्हाळा संपला, नाइट शिफ्ट लागली, मुलगी झाली आणि ती गाडी साडेचार वर्षं केळ्यांच्या खोक्यांत पडून राहिली. खोक्यांवर मी लिहिलं होतं, "डावं दार", "डॅशबोर्ड", पण दारातल्या त्या एका स्प्रिंगचं तोंड कुठल्या बाजूला होतं, ती हिरवी वायर हीटरच्या पुढून जाते की मागून, हे मला आठवेल असं मी धरून चाललो होतो आणि ते नाही आठवलं. शेवटी झाली गाडी. पण ज्यांच्या झाल्या नाहीत अशांच्या गाड्या या देशात रोज विकायला निघतात, "अनफिनिश्ड प्रोजेक्ट, सगळे पार्ट आहेत" असं लिहून, आणि सगळे पार्ट कधीच नसतात.

गाडी चार चाकांवर उभी आहे, ढकलली तर सरकते, स्टिअरिंग फिरतं, तोवर प्रत्येक पार्टला त्याची जागा माहिती आहे. तो सगळा नकाशा तुझ्यासमोर फुकटात उभा आहे. एका वेळी एकच सिस्टिम खोल, ती पूर्ण कर, परत बसव, चालते का बघ, मगच पुढची. ब्रेक म्हणजे फक्त ब्रेक. ते झाले की इंधन. आणि मध्ये दोन महिने हात लावता आला नाही तरी गाडी गाडीच राहते. खोलायच्या आधी फोटो काढ, आणि वाटतात त्याच्या चौपट काढ, लांबून एक, जवळून एक, पान्याच्या बाजूनं एक.

कागदाचं पटकन उरकतो. व्ही५सी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, तुझ्या नावावर करून घे. आजोबांनी गाडी सॉर्न (रस्त्यावर चालवत नाही अशी सरकारी नोंद) केलेली असली तरी मालक बदलला की ते सॉर्न संपतं, तुला नव्यानं करावं लागतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग दंडाचं पत्र येतं. चाळीस वर्षांवरची गाडी म्हणून हिस्टॉरिक क्लासमध्ये रोड टॅक्स शून्य, पण शून्य असला तरी रस्त्यावर आणताना तो रीतसर लावून घ्यावा लागतो. आणि मे २०१८ पासून अशा गाड्यांना, मोठे बदल केलेले नसतील तर, एमओटी, म्हणजे दर वर्षीची फिटनेस टेस्ट, लागत नाही. ही सवलत तू पहिल्या वर्षी वापरू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी रस्त्यावर चालवण्याच्या लायकीची असणं ही कायद्यानं तुझीच जबाबदारी राहते, आणि आपण स्वतः केलेलं काम आपल्यालाच तपासता येत नाही, तिऱ्हाईत माणसानं खालून टॉर्च मारून बघावं लागतं. एमओटी हौसेनंही करून घेता येते, जवळपास जुन्या गाड्यांची सवय असलेला टेस्टर शोध.

आता गंज. बाकी काहीही बिघडलं तरी या गाडीत दुरुस्त होतं, पार्ट मिळतात, पण ती जगणार की नाही ते गंज ठरवतो, म्हणून आधी हेच बघायचं.

एमजीबीला वेगळी चासी नाही. तिच्या आधीच्या एमजीएला होती, पण १९६२ ला एमजीबी आली ती बॉडीचा पत्रा हाच सांगाडा अशी. आणि दाराखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जो लांब पट्टा जातो ना, सिल, तो त्या सांगाड्याचा कणा आहे. बाहेरून एक पत्रा दिसतो, पण आत तीन आहेत, बाहेरचं सिल, मधला उभा पत्रा, आणि आतल्या बाजूला खालून कॅसल रेल, तिघं मिळून एक पेटी होते आणि ती पेटी गाडीला वाकू देत नाही. पुढचं चाक चिखल उडवतं, तो विंगच्या (मडगार्डच्या) आत मागच्या कोपऱ्यात साठतो, इथल्या थंडीत त्यात रस्त्यावरचं मीठ मिसळतं, वर्षानुवर्षं ओला गोळा तिथं बसून राहतो आणि गंज तिथून सिलच्या पेटीत शिरतो. म्हणजे सुरुवात आतून असते. बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा कधीच गेलेला असतो.

फ्रिजवरचं एखादं हलकं मॅग्नेट घे, रुमालात गुंडाळ म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही, आणि सिलवरून, पुढच्या विंगच्या खालच्या वीतभर भागावरून, मागच्या चाकापुढच्या कोपऱ्यावरून हळूहळू फिरव. धरून ठेवलं तर खाली पत्रा आहे, घसरलं तर पुट्टी आहे. मग गुडघ्यावर बसून पुढची विंग सिलला जिथं मिळते तिथं बघ, तिथं सांध्याची एक रेघ दिसायला हवी. रेघच नाही, सगळं एकसलग गुळगुळीत, तर कुणीतरी जुन्या सडक्या सिलवर नवा पत्रा नुसता चढवून पुट्टी मारलेली आहे. माझ्या रोडस्टरला असंच होतं, आधीच्या मालकाकडून एका वर्कशॉपनं पूर्ण सिलचे पैसे घेतले होते आणि आत जुना पत्रा बिस्किटासारखा चुरत होता. मला तो सापडला तेव्हा राग पैशांचा नाही आला, ती गाडी तशी ऐंशीच्या स्पीडनं मोटरवेवर धावत होती, आत माणसं बसून, त्याचा आला.

बाकी जागा: सीटांच्या मागे फ्लोअरमध्ये बॅटरीच्या पेट्या, डिकीतली स्टेपनीची जागा, जीटी असल्यानं मागच्या काचेच्या दाराचा खालचा काठ, आणि दाराच्या वरच्या पत्र्याला छोट्या तिकोनी काचेच्या पायाशी एक चीर, ती एमजीबीची जुनी खोड आहे, ती दिसली तर घाबरू नकोस. आणि पेट्रोलची टाकी. ती डिकीच्या फ्लोअरला खालून लटकवलेली असते, टाकीचा वरचा पत्रा आणि फ्लोअर यांच्यामध्ये ओल धरते, त्यामुळे टाकी खालून नाही तर वरून सडते, आणि ते उतरवल्याशिवाय दिसत नाही.

जॅक लावून बघायची एक टेस्ट आहे पण ती मॅग्नेटनं तपासून आणि खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघून झाल्यावरच कर, नाहीतर सडक्या जागी जॅक पत्रा फाडून वर येतो. दार उघडून बंद करून बघ कसं बसतं ते, मग जॅकिंग पॉइंटवर गाडी थोडी उचल आणि पुन्हा तेच दार उघड. आधीसारखंच उघडलं तर कण्यात जीव आहे. घासायला लागलं किंवा दाराची मागची फट आधीपेक्षा बदललेली दिसली तर गाडी मधे वाकतेय. आणि हे सांगायलाच नको पण सांगतो, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही. घोड्या (जॅक स्टँड) लावायच्या, आणि त्यावर गाडी हलवून बघायची, मगच आत शिरायचं. बाबांकडे टू-व्हीलर असायच्या म्हणून मुद्दाम सांगतोय, ही एक टनाहून थोडी जास्तच आहे.

सिल गेलेलं निघालं तर ते काम तू करू नकोस. वेल्डिंग शीक, जरूर शीक, पण पहिलं वेल्डिंग या गाडीच्या कण्यावर नको. एमजीबीची सिलं ज्यानं आधी केलीत असा माणूस शोध आणि त्याला दोनच गोष्टी विचार, कापायच्या आधी दाराच्या फटी कशा धरून ठेवणार, आणि दोन्ही बाजू एकदम कापणार का. रोडस्टर असती तर दारात आडवा बार वेल्ड केल्याशिवाय कापली तर मधेच घडी होते, जीटीला छत आहे म्हणून ती थोडी सावरते, पण फटी तरीही सरकतात आणि एकदा वेल्ड झाल्यावर दार जन्मभर नीट बसत नाही. पत्र्याची काळजी नको, ब्रिटिश मोटर हेरिटेज मूळ डायांवर पॅनल बनवते, १९८८ पासून तर पूर्ण बॉडीच नवीन मिळते. ती मात्र दहा हजार पौंडांच्या वर जाते, तिकडे बघूही नकोस. सिलचा पत्रा स्वस्त आहे, मजुरी महाग आहे. लेदर कव्हरं परत करता येत असतील तर आजच कर, ते पैसे इथं लागतील.

सिल ठीक निघालं, किंवा ठीक करून झालं, की ब्रेक. इंजिन नाही, ब्रेक. इंजिन सुरू झालं की आपल्याला गाडी हलवून बघायचा मोह होतोच, दहा फूट पुढे, दहा फूट मागे, आणि त्या दहा फुटांत गॅरेजची भिंत असते. एवढी वर्षं उभ्या गाडीचे रबरी होज बाहेरून चांगले दिसतात आणि आतून फुगून बंद झालेले असतात, पेडल मारलं की ऑइल जातं पण सोडलं की परत येत नाही, ब्रेक धरूनच राहतो. सगळे होज नवीन टाक, मागचे व्हील सिलिंडर नवीन टाक, महाग नाहीत, पुढचे कॅलिपर खोलून बघ पिस्टनला गंज आहे का. मागचे ड्रम काढताना तोंडाला मास्क लाव आणि ती काळी धूळ फुंकायची नाही, हवाही मारायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. ब्रिटनमध्ये लायनरातल्या अ‍ॅस्बेस्टॉसवर १९९९ ला बंदी आली, तुझ्या गाडीतले लायनर त्याआधीचे नसतीलच असं कोण सांगणार. टायरवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. "२३०४" लिहिलं असेल तर २००४ चा तेविसावा आठवडा. कितीही ग्रिप दिसू दे, बदल.

पाने. तू मिरजेहून आणलेला सेट असेल तर तो कपाटात ठेव. या गाडीचे नट इंचातले आहेत. अर्ध्या इंचाच्या नटावर तुझा तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो, कारण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, आणि पन्नास वर्षं गंजलेल्या नटावर तेवढी ढिलाई म्हणजे डोकं गोल झालंच म्हणून समज. ७/१६, १/२ आणि ९/१६, हे तीन रिंग पाने चांगले घे, अर्ध्याहून जास्त गाडी त्यातच होते. आणि गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेव, सकाळी परत मार, मग जोर लाव.

आता तुझ्या आवडीचं, इंजिन. तुला एक गंमत सांगतो, तुझं १७९८ सीसीचं इंजिन हे बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज, आणि आपल्याकडच्या जुन्या अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं. बाबांच्या ओळखीत मिरज-सांगलीचा कुणी जुना अँबॅसिडरचा मिस्त्री असेल तर त्याला व्हिडिओ कॉल लावून बॉनेट उघडून दाखव, तो न बघता सांगेल टॅपेट कसे लावायचे.

लगेच किल्ली फिरवायची नाही. चारही प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोड, दोन दिवस तसंच राहू दे. मग प्लग न लावताच टॉप गिअर टाकून गाडी हातानं हळू ढकल, इंजिन फिरतंय का बघ. फिरलं तर बऱ्यापैकी जिंकलीस. नाही फिरलं तर परत ऑइल, परत दोन दिवस, झटके द्यायचे नाहीत. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदल, २०डब्ल्यू५०, आणि लक्षात ठेव, या गाडीच्या गिअरबॉक्समध्येही हेच इंजिन ऑइल जातं, दुकानदार गिअर ऑइल हातात देईल ते घेऊ नकोस, विशेषतः ओव्हरड्राइव्ह (हायवेसाठीचा जादा गिअर) असेल तर.

टाकीतलं जुनं पेट्रोल वार्निशसारखं वास मारत असेल, सगळं काढ. टाकी उतरवून बघ, वर सांगितलंच. इंधनाचे रबरी पाइप ई१० ला (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) चालणारेच घे, कारण सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१० आहे आणि त्यातलं इथेनॉल जुनं रबर खातं. तू सुपरच भर, ९७ ऑक्टेनच्या वरचं, ते अजून ई५ मिळतं. मूळ इंजिन लेडच्या पेट्रोलसाठी होतं, हेड अनलेडेडसाठी कधी बदलून घेतलंय का हे आजोबांच्या बिलांत शोध, नसेल तर अ‍ॅडिटिव्ह टाकत जा.

मग बॅटरी जोड, इग्निशन ऑन कर आणि किल्ली पुढे फिरवायच्या आधी थांब. ऐक. मागे उजव्या चाकाच्या बाजूला एसयू कंपनीचा पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप आहे, तो टिक-टिक-टिक-टिक वाजायला लागेल, भरभर, आणि कार्ब्युरेटर भरले की टिक... टिक... करत मंदावेल आणि गप्प होईल. या आवाजावरून अर्धं निदान होतं. अजिबात वाजला नाही तर त्याचे पॉइंट चिकटलेत किंवा करंट नाही, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोक, बऱ्याचदा जागा होतो (पण तसा जागा झालेला पंप भरवशाचा नाही, साफ करून घे). आणि थांबलाच नाही, वाजतच राहिला, तर इग्निशन लगेच बंद कर, कुठंतरी पेट्रोल गळतंय किंवा कार्ब्युरेटरमधली नीडल उघडी अडकून ओव्हरफ्लो होतोय. पहिल्या वेळी नवऱ्याला फायर एक्स्टिंग्विशर घेऊन शेजारी उभा कर, गॅरेजचं दार सताड उघडं ठेव.

दोन्ही एसयू कार्ब्युरेटरांना हात लावायच्या आधी एवढंच बघ, एअर फिल्टर काढून, वरचा डॅम्पर काढून आतला पिस्टन बोटानं उचल आणि सोड. खट्ट असा आवाज करून खाली बसला पाहिजे. अडखळत आला तर साफ कर, फक्त पेट्रोलनं आणि मऊ फडक्यानं, पॉलिश पेपर चुकूनही नाही. ट्यूनिंग, मिक्स्चर, ते सगळं नंतर.

वायरिंगला लोक उगाच भितात. हार्नेस (वायरींची पूर्ण जुडी) बदलायच्या मागे लागू नकोस, निम्मे बिघाड अर्थिंगचे आणि बुलेट कनेक्टरांतल्या हिरव्या गंजाचे असतात, एकेक काढ, घास, परत लाव. फक्त ब्राउन वायरला मान दे, ती बॅटरीकडून थेट येते, मध्ये फ्यूज नाही. त्यामुळे डॅशखाली हात घालायच्या आधी बॅटरी सोडायची. आणि तुझ्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील, मागे एकेका पेटीत, दोन्ही सोडायची गरज नाही पण अर्थची केबल नक्की सोड.

वायर व्हील्सबद्दल. ऑर्डर रद्द करता येत असेल तर कर. तुझ्या गाडीला आत्ता चार नटांची स्टीलची चाकं असतील तर नुसती वायर व्हील्स बसत नाहीत, त्यांना दातेरी खाचांचे वेगळे हब लागतात, आणि वायर व्हीलच्या गाड्यांचा मागचा एक्सलही कमी रुंदीचा असायचा. बोल्टवर बसणारे अ‍ॅडॅप्टर मिळतात पण त्यानं चाक बाहेर येतं आणि मागच्या विंगला घासू शकतं. आणि खरं सांगू, आजोबा ज्या चाकांवर फिरले ती चाकं मला तरी ठेवावीशी वाटली असती.

रंगाचं मात्र तुझ्यावर सोडतो, पण ठरवायच्या आधी दोन गोष्टी कर. ग्लोव्ह बॉक्स काढून आत टॉर्च मार, डिकीतला कार्पेट उचलून कोपरे बघ, जिथं नंतरचा रंग पोचत नाही तिथं मूळ रंग दिसतो. आणि कॉव्हेंट्रीपासून जवळच गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, त्यांच्याकडे एमजीचे फॅक्टरीचे रेकॉर्ड आहेत, गाडीचा चासी नंबर देऊन हेरिटेज सर्टिफिकेट मागवलंस की अ‍ॅबिंग्डनच्या फॅक्टरीतून ती कुठल्या तारखेला, कुठल्या रंगात, कुठल्या ट्रिममध्ये निघाली ते छापून येतं. त्या वर्षी टील ब्लू होता, हार्वेस्ट गोल्ड होता, डमास्क रेड होता. लालाच्या खाली टील ब्लू निघाला तर तुझं ग्रीन बदलेल असं मला वाटतंय. ते सर्टिफिकेट आलं की आजींना नेऊन दाखव, ती गाडी नवी कशी दिसायची हे त्यांना आठवत असेल, आणि आजोबांच्या बिलांची, जुन्या एमओटीची फाइल कुठं आहे हेही त्यांनाच विचार, लोक ती ड्रॉवरात ठेवतात आणि घर आवरताना जाते.

रंग, सीट, क्रोम यातलं काहीही या वर्षी नको. ब्रेक लागू देत, इंजिन चालू दे, एमओटी होऊ दे, आणि मग आहे त्या लाल रंगात, फाटक्या सीटवर, एक समर चालव. चालवल्याशिवाय कळत नाही की तुझ्या गाडीला नेमकं काय हवंय, कुठं गळतंय, कुठं खडखडतंय, दुसरा गिअर कचकच करतो का. एमजी ओनर्स क्लब किंवा एमजी कार क्लबची एखादी संध्याकाळ गाठ, तिथं म्हातारी मंडळी असतात, ती तुझ्यासोबत गाडीखाली येऊन झोपतील, आणि त्यांच्या गॅरेजात तुला हवा तो पार्ट बहुतेक वेळा पडलेला असतो.

तर या शनिवारी फक्त मॅग्नेट, रुमाल, टॉर्च आणि मोबाइल घेऊन गॅरेजात जा, पाना नेऊ नकोस. दोन्ही सिलांचे फोटो पुढून मागे काढ, विंगच्या सांध्याचा जवळून काढ, आणि मला पाठव. रेघ दिसतेय की नाही तेवढं पत्रात आधी लिही.